परदेशगमन, सल्लागार आणि मामाचा एक प्रश्न

आपल्या महाविद्यालयाच्या फाटकापासून एस. टी. स्थानकापर्यंतचा रस्ता फार तर दहा मिनिटांचा. त्या रस्त्यावर मी परवा सहज पाट्या मोजल्या. परदेशी शिक्षण, परदेशी नोकरी, कॅनडाचे कायम वास्तव्य, यांपैकी काहीतरी मिळवून देणाऱ्या चार पाट्या निघाल्या. त्यांतली एक तर पूर्वीच्या पिठाच्या गिरणीवर आहे. आमच्या कोकणात परदेश म्हणजे आखात, असे समीकरण कित्येक वर्षे होते. घरटी एक माणूस कुवेतला नाहीतर दुबईला. आता मात्र आपल्या वर्गातल्या मुलामुलींच्या तोंडी टोरांटो, मेलबर्न आणि बर्लिन ही नावे असतात, आणि ती अशा सहजतेने असतात की जणू सावर्डे किंवा संगमेश्वर.

परदेशी जावे की न जावे, या वादात मला मुळीच शिरायचे नाही. त्या विषयावर आपल्या वक्तृत्व स्पर्धेत दरवर्षी पुरेसे बोलले जाते, आणि 'न जावे' या बाजूने बोलून पहिले पारितोषिक मिळवणारे विद्यार्थी पुढे कोठे असतात तेही सर्वांना ठाऊक आहे. माझा विषय त्याहून फार लहान आहे. ज्याने जायचे ठरवले आहे तो आपले कागद कोणाच्या हाती देतो, आणि का देतो, एवढाच.

हा विषय मला सुचला तो आमच्या घरात घडलेल्या एका प्रसंगामुळे. माझा चुलतभाऊ, ज्याला मी दादा म्हणते, बी. कॉम. झाला आणि २०२१ साली त्याने इंग्लंडला विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज केला. तो नाकारला गेला. कारण साधे होते: लागणारे पैसे बँकेत सलग २८ दिवस असावे लागतात, ते काकांनी पतसंस्थेतून उचलून थोडेच दिवस आधी भरले होते. दोन वर्षांनी दादाने कॅनडाचा विचार केला. आमच्या वाडीतल्या एका गृहस्थांच्या जावयाचे काम पुण्यातल्या एका सल्लागाराने केले होते, असे कळले. काका आणि दादा पुण्याला गेले. कार्यालय वातानुकूलित होते, भिंतीवर चौकटीत प्रमाणपत्रे होती, चहा आला. अडीच लाख रुपये दोन हप्त्यांत रोख देण्यात आले. पावती मागणे काकांना बरे वाटले नाही. "ओळखीतला माणूस, त्याच्याकडे पावती कशी मागायची?" हे त्यांचे शब्द.

इंग्लंडच्या नकाराचे काय करायचे, हे दादाने विचारले होते. "ते मी बघतो," असे उत्तर मिळाले. त्याने बघितले ते असे: पूर्वी कोणत्याही देशाने व्हिसा नाकारला आहे काय, या अर्जातल्या प्रश्नापुढे त्याने 'नाही' असे लिहिले.

आता येथे माझा भाग येतो, आणि तो लिहिताना मला संकोच वाटतो. अर्ज पाठवण्यापूर्वी तो मसुदा दादाच्या मोबाईलवर आला होता. काकांनी तो माझ्यापुढे धरला. "बाय, तुझं इंग्रजी आहे ना? एकदा नजर घाल." मी प्रथम वर्षाला होते, दुसऱ्या दिवशी चाचणी होती. मी दादाच्या नावाचे स्पेलिंग पाहिले, जन्मतारीख पाहिली, आडनाव बरोबर आहे हे पाहिले आणि "सगळं ठीक आहे" म्हणून सांगितले. तो प्रश्न त्याच कागदांत होता. मी त्याच्यावरून बोट फिरवले असेल.

कॅनडाच्या कायद्यानुसार अर्जात महत्त्वाची गोष्ट खोटी सांगणे किंवा दडवणे याला पाच वर्षांच्या प्रवेशबंदीची शिक्षा आहे. इंग्लंड, कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे पाच देश एकमेकांशी अशी माहिती वाटून घेतात, हे आम्हांला ठाऊक नव्हते. पुण्याच्या गृहस्थांना ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. शिक्षा देण्यापूर्वी तेथील अधिकारी अर्जदाराला पत्र पाठवतात, तुमचे म्हणणे काय ते कळवा, असे विचारतात. तसे पत्र आले. पण अर्जावरचा ई-मेल पत्ता दादाचा नव्हता, सल्लागाराने स्वतः उघडलेला होता. पत्र त्याने वाचले की नाही देव जाणे. आम्हांला कळले ते २०२३ च्या डिसेंबरात, निकालाची प्रत आली तेव्हा. दादावर २०२८ च्या डिसेंबरपर्यंत बंदी आहे.

काका पुण्याला गेले. सल्लागार शांतपणे म्हणाला, "अर्ज तुमच्या मुलाने केलाय. सही त्याची आहे. माझं नाव कुठे आहे दाखवा." आणि खरोखरच त्याचे नाव कोठेही नव्हते. अशा माणसाला कॅनडात 'भूत सल्लागार' म्हणतात. तो पैसे घेतो, कागद करतो, पण कागदावर उमटत नाही.

ही हकीकत ऐकून माझे मामा आले. मामा नववीपर्यंत शिकलेले. १९९४ साली ते कुवेतला गेले आणि सोळा वर्षांनी परत आले. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला: "त्याचा नंबर इचारलात काय?"

कोणाला काही कळेना. मामांचे म्हणणे असे, की ते गेले तेव्हा मुंबईच्या एजंटाकडे सरकारी नोंदणी होती, तिचा क्रमांक होता, आणि तो क्रमांक त्यांनी वहीत लिहून बायकोजवळ ठेवला होता. "उद्या तिकडे पगार दिला नाय, तर ही कोणाच्या दारात जाईल?"

बी. कॉम. झालेला मुलगा, पतसंस्थेचे माजी संचालक असलेले काका आणि इंग्रजी विषय घेऊन पदवी घेणारी मी, अशा तिघांना जो प्रश्न सुचला नाही तो नववी शिकलेल्या माणसाला का सुचला, याचा मी पुष्कळ विचार केला. मामा आमच्यापेक्षा शहाणे होते म्हणून, असे म्हणून मोकळे होता येईल. पण खरे कारण निराळे आहे. त्यांना तो प्रश्न कायद्याने शिकवला होता.

आपल्या देशात १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे. त्याआधी १९२२ चा ब्रिटिशांचा कायदा होता. या कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्याला सरकारकडे नोंदणी करावी लागते, बँकेची हमी द्यावी लागते, आणि कामगाराकडून किती रक्कम घ्यावी यालाही मर्यादा आहे: ३० हजार रुपये आणि त्यावरचा वस्तू व सेवा कर. दहावी न झालेल्या माणसाच्या पारपत्रावर खास नोंद असते, आणि तो कुवेत, सौदी अरेबिया वगैरे ठरावीक देशांत नोकरीसाठी निघाला की 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' या अधिकाऱ्याची संमती लागते. मामांना त्या कार्यालयाच्या रांगेत उभे राहावे लागले होते. तेथे एजंटाचा क्रमांक विचारला गेला, म्हणून तो त्यांच्या लक्षात राहिला.

शिकलेल्या माणसाला ती रांग नाही. त्याचे त्याला कळते, असे कायदा गृहीत धरतो. शिवाय या कायद्यात उत्प्रवासन याचा अर्थ नोकरीसाठी देश सोडणे असा आहे. शिकायला जाणारा विद्यार्थी त्यात येत नाही, आणि त्याला पाठवणारा सल्लागारही येत नाही. पंजाब राज्याने २०१२ साली अशा व्यावसायिकांसाठी परवान्याचा वेगळा कायदा केला, कारण तेथे घराघरांतून हेच चालले होते. एरवी एखादे दुकान भाड्याने घ्यावे, जी. एस. टी. क्रमांक घ्यावा, कंपनी म्हणून नोंद करावी आणि भिंतीवर चौकट लावावी, एवढ्याने कोणीही 'इमिग्रेशन कन्सल्टंट' होऊ शकतो. काकांनी भिंतीवर जी प्रमाणपत्रे पाहिली ती बहुधा याच जातीची होती. ती खोटी नसतीलही. उपाहारगृहाच्या भिंतीवर वाहन चालवण्याचा परवाना लावला तर तोही खोटा नसतो.

मग परवाना असतो तरी कोठे? तो ज्या देशात जायचे त्या देशाचा असतो. ही साधी गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. कॅनडाचेच सांगायचे तर, पैसे घेऊन इमिग्रेशनचा सल्ला देण्याचा किंवा अर्जदाराचा प्रतिनिधी होण्याचा अधिकार तेथील कायद्याने मोजक्या लोकांना दिला आहे: तेथील प्रांतांच्या विधिसंस्थांचे वकील व पॅरालीगल, क्यूबेकचे नोटरी, आणि परवानाधारक सल्लागार. या सल्लागारांचे नियमन करणारी 'कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स' ही संस्था नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. नावात कॉलेज असले तरी तेथे वर्ग भरत नाहीत. ती वैद्यक परिषदेसारखी संस्था आहे. त्याआधी दोन संस्था होऊन गेल्या, आणि त्या पुरेशा कडक नाहीत अशी ओरड झाल्यामुळेच संसदेने कायदा करून ही तिसरी निर्माण केली. म्हणजे कॅनडालाही ही गोष्ट एका झटक्यात साधलेली नाही.

या संस्थेच्या प्रत्येक सल्लागाराला 'आर' या अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो आणि सर्वांची नावे एका जाहीर नोंदवहीत असतात. ती कोणीही संगणकावर उघडून पाहू शकतो. परवाना चालू आहे, स्थगित आहे की रद्द झाला आहे, हे तेथे लिहिलेले असते. परवानाधारकाने काम हाती घेण्यापूर्वी लेखी करार करायचा असतो, त्यात शुल्क किती ते लिहायचे असते. यशाची हमी देऊन गिऱ्हाईक ओढणे आचारसंहितेत बसत नाही. तेव्हा 'शंभर टक्के व्हिसा' असे ज्या पाटीवर लिहिले आहे, ती पाटी स्वतःच आपल्या मालकाविषयी काहीतरी सांगत असते.

दुसऱ्या देशांच्या तऱ्हा वेगळ्या आहेत. ऑस्ट्रेलियात नोंदणीकृत मायग्रेशन एजंटाला सात अंकी क्रमांक असतो, पण ऑस्ट्रेलियाबाहेर बसून काम करणाऱ्याला नोंदणी सक्तीची नाही. न्यूझीलंडचा २००७ चा कायदा जगात कोठेही बसलेल्या सल्लागाराला लागू आहे, मात्र देशाबाहेरून केवळ विद्यार्थी व्हिसाचा सल्ला देणाऱ्याला त्यातून सूट आहे. इंग्लंडमध्ये १९९९ च्या कायद्याने नेमलेले नियामक कार्यालय आहे. जानेवारी २०२५ पासून त्याचे नाव 'इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटी' असे झाले. अमेरिकेत तर परवानाधारक सल्लागार असा वर्गच नाही. तेथे वकील, नाहीतर न्यायखात्याने मान्य केलेले सेवाभावी संस्थांचे प्रतिनिधी. तेव्हा "तुमच्याकडे परवाना आहे का?" एवढे विचारून भागत नाही. कोणत्या देशाचा, कोणी दिलेला आणि कोणत्या कामाचा, हे विचारावे लागते. "आमच्याकडे सगळ्या देशांचं काम होतं" असे सांगणाऱ्या माणसाकडे हा प्रश्न विचारून पाहण्यासारखा आहे.

आमच्या एका प्राध्यापकांशी मी यावर बोलले तेव्हा ते म्हणाले, "अगं, परवाना असलेले काय कमी फसवतात? डॉक्टर पाहा, वकील पाहा." सरांचे म्हणणे खोटे नाही. परवानाधारक सल्लागारांनाही दंड झाले आहेत, त्यांचे परवाने गेले आहेत. परंतु परवाने गेले, या वाक्यातच माझे उत्तर आहे. परवाना माणसाला प्रामाणिक करीत नाही. तो त्याला एक पत्ता देतो. त्याच्याविरुद्ध तक्रार नेण्याची जागा असते, ती ऐकणारे कोणी असते आणि त्याला गमावण्यासारखे काही असते. पुण्याच्या गृहस्थांकडे गमावण्यासारखे काहीच नव्हते. काका पोलिसांत जाऊन आले. तेथे पहिला प्रश्न पावतीचा होता. दुसरा प्रश्न विचारलाच गेला नाही.

परवान्याच्या नावाखाली दोन खेळ चालतात, तेही सांगून टाकते. एक असा, की कार्डावर क्रमांक असतो पण तो दुसऱ्याच कोणाचा असतो. म्हणून कार्डावरचा दूरध्वनी न फिरवता नोंदवहीत जो दूरध्वनी किंवा ई-मेल दिलेला आहे त्यावर विचारावे. दुसरा खेळ अधिक सभ्य आहे. "आमचे परवानाधारक साहेब टोरांटोला असतात, आम्ही त्यांचे प्रतिनिधी," असे सांगितले जाते. असतीलही. पण मग प्रतिनिधी नेमल्याचा कॅनडा सरकारचा जो नमुना आहे, ज्याचा क्रमांक 'आयएमएम ५४७६' असा आहे, त्यावर त्या साहेबांचे नाव, परवाना क्रमांक आणि सही आली पाहिजे, आणि लेखी करारही त्यांच्याशीच झाला पाहिजे. "त्याची गरज नसते, अर्ज तुमच्याच नावाने टाकू, लवकर होतं," असे उत्तर आले की समजावे, आपण भुताशी बोलत आहोत.

'फुकट सेवा' ही आणखी एक गोष्ट. पुष्कळ शिक्षण-सल्लागार विद्यार्थ्याकडून काहीच घेत नाहीत, कारण त्यांना परदेशी महाविद्यालय दलाली देते. त्यात बेकायदा काही नाही. परंतु ज्या महाविद्यालयाची दलाली जास्त तेच तुमच्यासाठी उत्तम, असा सल्ला मिळण्याचा संभव असतो, एवढे ध्यानात ठेवून चहा प्यावा.

हे सारे एका काकांच्या अडीच लाखांपुरते असते तर मी या अंकाची पाने अडवली नसती. २०२३ मध्ये वर्तमानपत्रांत आलेली बातमी पुष्कळांना आठवत असेल. कॅनडात शिकून, नोकरीला लागून, कायम वास्तव्याचा अर्ज केलेल्या कितीतरी भारतीय मुलामुलींना, त्यांत बहुसंख्य पंजाबची, देशाबाहेर काढण्याच्या नोटिसा आल्या. कारण काही वर्षांपूर्वी त्यांच्या अर्जाला जोडलेली महाविद्यालयाची प्रवेशपत्रेच बनावट होती. पत्रे दलालाने जोडली होती, सह्या मुलांच्या होत्या. त्यांनी रस्त्यावर बसून धरणे धरले, तेव्हा जूनमध्ये सरकारने एकेक प्रकरण तपासण्यासाठी समिती नेमली. त्याच वर्षीच्या १ डिसेंबरपासून प्रत्येक प्रवेशपत्र खरे आहे की नाही हे थेट त्या महाविद्यालयाला विचारण्याची पद्धत सुरू झाली. त्या प्रकरणातल्या एका दलालाला व्हॅन्कुव्हरच्या न्यायालयाने २०२४ मध्ये तीन वर्षांची शिक्षा दिली. तो सापडला तो कॅनडाच्या हद्दीत आला म्हणून. आपल्या कार्यालयातच बसून राहिला असता तर काय झाले असते, याचा तर्क ज्याचा त्याने करावा.

आता थोडे आपल्याविषयी. कला शाखेचा विद्यार्थी काय कामाचा, असे आपल्याला उठल्यासुटल्या विचारले जाते. वाचणे हे आपले काम आहे, असे मी तरी समजते. चार ओळींच्या कवितेवर आपण चार पाने लिहितो. एका शब्दाच्या तीन छटा सांगतो. आणि ज्या कागदावर आपल्या आयुष्याची पाच-दहा वर्षे टांगलेली आहेत तो न वाचता सही करतो. कॅनडाचे अर्ज आणि ते कसे भरावेत याची मार्गदर्शिका सरकार फुकट देते. सल्लागार नेमला म्हणून अर्जाला अग्रक्रम मिळत नाही, हे तेथील खाते स्वतःच सांगते. घरच्या माणसाने किंवा मित्राने पैसे न घेता मदत केली तरी चालते. ज्याचे प्रकरण सरळ आहे, त्याला सल्लागार लागतोच असे नाही. दादासारखे जुने नकार असतील, किंवा एखादे प्रकरण गुंतागुंतीचे असेल, तर मात्र जाणकार जरूर गाठावा, त्याचे शुल्क द्यावे आणि पावती घ्यावी. इंग्लंडने व्हिसा नाकारला होता एवढ्यामुळे दादाला कॅनडाचा व्हिसा मिळाला नसताच, असे नाही. बँकेतले २८ दिवस कमी पडले, हे एका परिच्छेदात लिहून सांगता आले असते. तो परिच्छेद मीसुद्धा लिहू शकले असते.

दादा सध्या लोट्याच्या एका कारखान्यात हिशेब पाहतो. घरात हा विषय कोणी काढत नाही. काकी मात्र अजून कधीकधी विचारतात, "पण त्या जावयाचं काम कसं झालं होतं?" त्याला उत्तर नाही. झाले असेल. भुतांची कामेही पुष्कळदा होतात, म्हणूनच त्यांच्याकडे गर्दी असते.

मागच्या महिन्यात माझ्या वर्गातली एक मैत्रीण असेच एक कार्ड घेऊन आली. कार्ड गुळगुळीत, त्यावर मेपलचे पान, खाली 'आर' अक्षर आणि सहा अंक. आम्ही मधल्या सुट्टीत ग्रंथालयातल्या संगणकावर ती नोंदवही उघडली. क्रमांक खरा निघाला, परवानाही चालू होता. पण नाव निराळे होते. कॅनडात राहणाऱ्या एका बाईंचे. नोंदवहीत त्यांचा ई-मेल पत्ता होता, त्यावर मैत्रिणीने चार ओळी लिहून पाठवल्या. इंग्रजी मी तपासले, या वेळी प्रत्येक शब्द. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आले: या नावाच्या कोणत्याही कार्यालयाशी माझा संबंध नाही, कळवल्याबद्दल आभारी आहे, ते कार्ड मला पाठवाल का. मैत्रिणीने कार्डाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढून पाठवून दिले. पन्नास हजार रुपये अनामत भरण्याची तिची तारीख त्याच दिवशीची होती.